हवेची भाकरी

आधी खिसे रिकामे करा. मोबाइल इथं चालणार नाही, घड्याळाकडे बघायला कुणाला सवड नाही आणि प्लास्टिकची बाटली तर आणूच नका. ती दिसली की गावभर एवढे प्रश्न निघतील की तुमचा दिवस उत्तरं देण्यातच जाईल. खांद्यावर हे घोंगडं घ्या. टोचेल, मेंढरांचा वास येईल, पण तासाभरानं तुम्हीच ते सोडायला तयार होणार नाही.

आता डोळे उघडा. काहीच दिसत नाही ना? पौषातली पहाट आहे आणि तुम्ही मंगळवेढ्याच्या शिवारात, उभ्या ज्वारीच्या मधोमध आहात. एकोणिसावं शतक संपायला दहाएक वर्षं उरलीत. त्याहून नेमकी तारीख इथं कुणी सांगणार नाही. ‘अमुक पावसाळ्याच्या आदल्या साली’ असला हिशेब चालतो.

एक पाऊल टाका. दोन्ही बाजूंची पानं अंगावर येतात, त्यांच्यावरचं दंव मानेवरून थेट पाठीच्या कण्यात उतरतं, आणि तुमच्या तोंडून जो शब्द निघतो तो छापण्याजोगा नाही. ज्वारी तुमच्या डोक्याच्या वर हातभर गेलेली आहे. पानांच्या कडा धारदार. गालावर बारीक ओरखडा उमटलाय, तो दिवसभर चुरचुरणार. नाकात ओल्या धाटांचा हिरवट, किंचित गोड वास, आणि त्यामागून कुठूनतरी गोवरीचा धूर.

छाती भरून श्वास घ्या. ही हवा ओळखीची वाटते, पण तुमची नव्हे. तुम्ही जिथून आलात तिथं हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे 420हून जास्त भाग असतात. इथं ते 300सुद्धा भरत नाहीत. तुमच्या नाकाला फरक कळत नाही, आणि कळायचं कारणही नाही. भोवती उभी असलेली ही लाखो ताटं मात्र त्या 300च्या आतल्या भागांवरच जेवतात. पंगत मोठी, पदार्थ चिमूटभर. हे लक्षात असू द्या, दुपारी यावरूनच तुमचा वाद होणार आहे.

ज्वारीतून बाहेर पडा. चुकून करडईच्या बाजूनं गेलात तर तुमचं धोतर तिथंच राहील. शेताच्या कडेनं करडईच्या ओळी लावल्यात त्या काही फक्त तेलासाठी नाहीत. तिच्या पानांना आणि बोंडांना काटे असतात. गुरं तोंड घालत नाहीत, आतली ज्वारी वाचते. तारेचं कुंपण अजून या बांधावर पोचलेलं नाही, तोवर करडईच राखण करते.

हरभऱ्याच्या पट्ट्यात एक म्हातारी वाकलेली दिसते. रात्री तिनं झाडांवर धोतराचं जुनं फडकं अंथरलं होतं, ते आता दंवानं भिजलंय. ती ते उचलून गाडग्यात पिळते. जवळ जा, हात पुढं करा, ती न विचारता दोन थेंब तळव्यावर टाकेल. चाटून बघा. डोळे मिटले, दात आंबले, कान गरम झाले! ही हरभऱ्याची आंब. घरोघरी गाडग्यात भरून ठेवतात, पोट दुखलं की देतात. हरभऱ्याच्या पानांवरच्या बारीक केसांच्या टोकांतून हे आम्ल पाझरतं आणि पान खायला आलेल्या किड्यांच्या तोंडाची तुमच्यासारखीच गत होते. सगळ्या किड्यांची नाही म्हणा, घाटे पोखरणारी अळी निर्लज्ज असते.

“कुठनं आलासा?” म्हातारी विचारते.

“लांबनं,” म्हणा. खोटं नाही.

“मग भाकरी खाऊन जावा.”

एवढ्यावर तुमची ओळखपाळख संपली. इथं पुढची चौकशी भाकरीनंतर.

सूर्य वर येतो. आठ मिनिटं वीस सेकंदांपूर्वी निघालेला उजेड ज्वारीच्या शेंड्यांवर टेकतो, आणि तुमच्या डोळ्यांसमोर, तुम्हाला काडीचाही पत्ता न लागता, शिवारातला सगळ्यात मोठा कारखाना चालू होतो. भोंगा नाही, धूर नाही. पानांवरची सूक्ष्म रंध्रं उघडतात, हवा आत शिरते. पानातलं हरितद्रव्य उजेडातला तांबडा आणि निळा भाग गिळतं, हिरवा बराचसा परत टाकतं. तो टाकलेला हिरवा तुम्ही ‘काय सुंदर शिवार’ म्हणून बघत बसलाय. गिळलेल्या उजेडाच्या जोरावर पान मुळांनी पाठवलेलं पाणी फोडतं. त्यातला प्राणवायू नको असतो, तो बाहेर सोडतं. तुम्ही आता जो श्वास घेतलात त्यातला प्राणवायू असाच कधीतरी, कुठल्यातरी पानातल्या नाहीतर शेवाळातल्या पाण्यातून सुटलेला आहे. उरलेला हायड्रोजन आणि हवेतून आलेला कार्बन डायऑक्साइड यांची सांगड घालून साखर तयार होते. एवढंच. सांगायला चार वाक्यं लागली. माणसाला कळायला अडीचशे-तीनशे वर्षं लागली.

पण आता शास्त्र बाजूला ठेवा आणि कान झाका, कारण भोरड्या आल्या.

आधी ईशान्येला एक काळसर डाग दिसतो. तो लांबतो, वळतो, पिळतो, आणि मग एकदम सगळं आभाळ चिवचिवाटानं भरून जातं. हजारो पक्षी, अंग गुलाबी, डोकं आणि पंख काळे. मध्य आशियातून दरसाल हिवाळ्यात इकडे येतात, ज्वारी भरायच्या नेमक्या वेळी. शिवारातल्या प्रत्येक माळ्यावरून आरोळी उठते. माळा म्हणजे बाभळीच्या चार मेढींवर बांधलेलं मचाण. तुम्हालाही त्यावर चढवतात, कारण रिकामे हात इथं कुणाला बघवत नाहीत. खालून दहा वर्षांचं पोरगं तुमच्या हातात गोफण देतं. मातीचा गोळा ठेवायचा, डोक्याभोवती गरगर फिरवायची, एक टोक सोडायचं. तुमचा पहिला गोळा मागं जातो. दुसरा शेजारच्या माळ्याकडे. तिकडून आलेला शब्द ऐकून पोरगं हसून हसून मेढीला धरतं. मग ते स्वतः गोफण घेतं, फाट्‌कन आवाज होतो आणि शे-दोनशे भोरड्या एका शेतातून उठून दुसऱ्या शेतात उतरतात. तिथली आरोळी सुरू. असं दिवसभर. संध्याकाळी घसा बसलेला नसेल तर तुम्ही काम चुकवलंत असं समजायचं.

आरडाओरडा का, हे माळ्यावरून नीट कळतं. खाली पसरलंय ते सगळं इथल्या घरांचं वर्षाचं पोट आहे. पक्ष्यालाही तेच हवंय. उजेडातून साखर करणं फक्त हिरव्याला जमतं. बाकी सगळे, भोरडी, बैल, पाटील, तुम्ही, त्याच्या दारात उभे.

मध्येच माळ्यावरून उतरा आणि वाकून एका ताटाच्या बुडाशी बघा. पांढऱ्या फुलांचं टीचभर रोप दिसतंय? टारफुला. पानं हिरवी, दिसायला गरीब. पण मातीखाली त्यानं ज्वारीच्या मुळात आपलं मूळ खुपसलंय आणि तयार जेवण ओढतोय. त्याचं बी धुळीएवढं बारीक असतं, वर्षानुवर्षं जमिनीत पडून राहतं आणि ज्वारीच्या मुळांनी सोडलेला रस जवळ आला की मगच जागं होतं. पोरगं तो दिसताच उपटून बांधावर भिरकावतं. कारखाना दुसऱ्याचा आणि नफा आपला, हा धंदा जुनाच आहे.

दुपार. घोंगडं कधीच खांद्यावरून गेलं. पहाटे दात वाजत होते आणि आता मानेवरून घाम ओघळतोय. हा मुलूख असाच. बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत भाकरी सोडली जाते. पांढरीशुभ्र भाकरी, वर लसणाचा ठेचा, बुक्कीनं फोडलेला कांदा, गाडग्यातलं ताक. ठेच्याचा पहिला घास घेतल्यावर तुम्ही बोलू शकत नाही, हे बरंच आहे, कारण मामा बोलतोय. मामा म्हणजे या शेताचा धनी. त्याला सगळे मामाच म्हणतात, तुम्हीही म्हणा.

मामा पायानं जमीन दाखवतो. काळी माती भेगाळलेली. काही भेगांत तुमचा हात मनगटापर्यंत जाईल. सप्टेंबर-ऑक्टोबरात, तो म्हणतो हस्ताच्या सुमाराला, तिफणीनं पेरलं. तेव्हा माती पाणी पिऊन फुगलेली होती. त्यानंतर आभाळातून म्हणावा असा थेंब नाही. विहिरीचं पाणी नाही, पाट नाही. वर धुरळा उडतोय आणि ज्वारी हिरवी उभी आहे. मुळं पुरुषभर खोल उतरलेली असतात, आणि काळी माती जे पाणी पोटात धरून बसते ते ती सावकाश वर ओढतात. मामा आणि त्याचा भाऊ तीन वेळा कोळपं फिरवून भेगा बुजवतात. एक कोळपणी दिली की अर्धं पाणी दिल्यासारखं, असा त्यांचा हिशेब आहे. वरच्या भेगा मिटल्या की खालची ओल उडत नाही. शेतीशास्त्र हेच सांगतं, फक्त जास्त पानांत.

“काळी आई देती, आम्ही खातू,” मामा म्हणतो. “समदं मातीतनं येतं बगा.”

आणि तुमच्या अंगात शहाणपण संचारतं. तुम्ही म्हणता, “मामा, ही धाटं मातीतनं नाही आली. हवेतनं आलीत.”

बाभळीखाली शांतता. मग हशा असा फुटतो की बैल कान टवकारतात.

“पाव्हणं,” मामा डोळे पुसत म्हणतो, “हवा खाऊन प्वाट भरलं असतं तर दुकाळात मानसं कशापायी मेली असती?”

याला उत्तर द्या बघू. हे मंगळवेढं आहे. दुष्काळात सरकारी धान्याची कोठारं भुकेल्यांसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांची कथा इथलं लहान पोरही सांगतं. भूक या लोकांनी पुस्तकात वाचलेली नाही. तुम्हाला बेल्जियममधला व्हॅन हेल्माँट आठवतो. त्यानं कुंडीत 200 पौंड वाळवलेली माती घेतली, 5 पौंडांची विलोची फांदी लावली, 5 वर्षं फक्त पाणी घातलं. झाड 169 पौंडांचं झालं आणि माती घटली सुमारे 2 औंस. त्यानं निष्कर्ष काढला, झाड पाण्याचं बनतं. तोही चुकला. पण माती झाड देत नाही हे त्यानं मोजून दाखवलं. हे तुम्ही मामाला सांगता. मामा ऐकून घेतो आणि विचारतो, “पाच वर्सं कुंडीपाशी बसला? त्याला शेती नव्हती का?”

हरलात. ताक प्या.

ऊन डोक्यावर आलं तसं ज्वारीकडे बघा, तिथं काहीतरी बदललंय. सकाळी पसरलेली पानं आता लांबीच्या दिशेनं आत वळून अर्धी नळी झालीत. पानाच्या वरच्या बाजूला मोठ्या पेशींच्या रांगा असतात, त्यातलं पाणी उतरलं की पान आपोआप गुंडाळतं. उन्हाला अंग कमी दिसतं, वाफ कमी जाते. धाटावरून अंगठा फिरवा. पांढरी भुकटी निघते ना? मेण आहे ते. ऊन परतवतं, ओल आत ठेवतं. इतकं सगळं करूनही पानाची एक अडचण सुटत नाही. हवा आत घ्यायची तर रंध्रं उघडायला हवीत, आणि उघडली की पाणी निसटतं. जेवायचं तर तहान सोसा, तहान टाळायची तर उपाशी राहा.

आणि उन्हात आणखी एक घोटाळा होतो. हवेतला कार्बन पकडून साखरेच्या कामाला लावणारं जे मुख्य प्रथिन पानात असतं, ते गावच्या नजर अधू झालेल्या कारकुनासारखं आहे. कार्बन डायऑक्साइड आला तर वहीत नोंद करतंच, पण प्राणवायू समोर आला तर त्याचीही नोंद करून मोकळं होतं. मग चुकीची नोंद खोडण्यात वेळ, शक्ती आणि आधीच मिळवलेला थोडा कार्बन वाया. ऊन जितकं जास्त, चुका तितक्या जास्त. गहू, भात, हा हरभरा, सगळ्यांच्या पानांत हाच प्रकार. ज्वारीनं कारकून बदलला नाही. तिनं त्याला आतल्या खोलीत बसवलं, पानाच्या शिरांभोवती दाट पेशींचं कडं करून, आणि बाहेरच्या पेशींत दुसरे हमाल नेमले, जे प्राणवायूला हातही लावत नाहीत. ते कार्बन पकडतात, चार कार्बनांच्या आम्लात बांधतात आणि आत नेऊन ओततात. कारकुनासमोर कार्बन डायऑक्साइडची एवढी गर्दी होते की चुकायला जागाच उरत नाही.

या युक्तीचे फायदे तुम्ही आता पायाखाली बघताय. रंध्रं थोडीच उघडली तरी भागतं, म्हणून गहू-भाताच्या मानानं निम्म्याच्या आसपास पाण्यात ज्वारी तेवढंच वाढते. गवतांनी हे सुमारे 3 कोटी वर्षांपूर्वी साधायला सुरुवात केली, जेव्हा हवेतला कार्बन डायऑक्साइड घसरत गेला होता. ऊस, मका, बाजरी हे त्याच घराण्यातले. पृथ्वीवरच्या वनस्पतींच्या जातींत हे जेमतेम शंभरात तीन, पण जमिनीवर जेवढी साखर बनते त्यातला जवळपास चौथा हिस्सा यांचा. माणसांनी ही वाट उसाच्या पानात नीट उलगडली ती 1960च्या दशकात, ऑस्ट्रेलियात, हॅच आणि स्लॅक या दोघांनी. मामाला हॅच माहीत नाही. पण माळावर हरभरा सुकला तरी ज्वारी तग धरते, हे त्याला आजोबांपासून माहीत आहे आणि त्याप्रमाणे तो पेरतो.

एक सूचना: पुन्हा आलात तर पेरणीनंतरच्या पहिल्या महिन्यात बैल सोडू नका. कोवळ्या ज्वारीच्या पोंग्यात असं द्रव्य असतं की जनावरानं चावलं की सायनाइड सुटतं. पाण्याचा ताण पडलेलं कोवळं रोप तर जास्तच विषारी. लहान असताना झाड असं स्वतःला राखतं. मोठं झाल्यावर त्याच धाटाचा कडबा बैल आनंदानं खातात.

संध्याकाळ. भोरड्या शेवटचा गोंधळ घालून झोपायच्या झाडांकडे गेल्या. आता घोंगडं शोधा. आणि शेजारपाजारच्या शेतांतून माणसं येताना दिसतात: पोरं, लेकी, सासुरवाडीहून आलेला जावई, कुणाचा तरी मुंबईच्या गिरणीतून सुटीवर आलेला भाऊ. शेताच्या कडेला हातभर खड्डा, त्यात गोवऱ्या लाल झालेल्या. ही आगटी. कोवळी कणसं निखाऱ्यात खुपसली जातात, दाणे तडतडतात, धूर डोळ्यांत जातो. जो भाजतो तो फुंकर मारून कणीस तुमच्या तळव्यावर टाकतो आणि तुम्ही ते एका हातातून दुसऱ्या हातात टाकत नाचता. “चोळा, चोळा!” सगळे ओरडतात. दोन तळव्यांत चोळायचं, भुसा फुंकून द्यायचा, तळहातावर हिरवे मऊ दाणे उरतात. तोंडात टाका.

गप्प झालात. होणारच. गूळ, तीळ-लसणाची चटणी पुढं सरकवली जातेय, पण पहिली मूठ नुसतीच खा. गोडी कुठून आली? आज दुपारी ज्या पानांनी उन्हात नळी केली होती त्यांनी सकाळभर बनवलेली साखर धाटातून वर चढून कणसात उतरतेय. दाण्यात पोचली की ती हळूहळू पिठूळ पदार्थात बांधली जाते, कारण साखर साठवायला अवघड आणि पीठ सोपं. हुरडा म्हणजे या बदलाच्या अध्येमध्ये पकडलेला दाणा. आठवडाभर आधी नुसतं दूध, आठवडाभरानं घट्ट पीठ. गोडी मधल्या थोड्या दिवसांची, आणि म्हणून ही गर्दी, हे आमंत्रण, हा जावई.

आगटीवर कुणीतरी वाळल्या धाटांचा भारा टाकतं. भडका उडतो, चेहरे लाल होतात, आणि बघता बघता भारा संपतो. तुम्हाला दुपारचा वाद आठवतो. बाजूला वेगळी चार धाटं पेटवा, जळू द्या, आणि उरलेली राख मामाला दाखवा. “मामा, मातीनं दिलं ते एवढं. शंभर भागांत दहासुद्धा नाहीत. बाकीचं गेलं ते कुठं?”

मामा राखेकडे बघतो. धुराकडे बघतो. वर बघतो.

“धुरात गेलं.”

“म्हणजे हवेत.”

“आता गेलं. आलं कुठनं त्ये कुणी बगितलं?”

चोख मुद्दा आहे. गिरणीतला भाऊ तुमच्या बाजूनं काहीतरी बोलू पाहतो, त्याला म्हातारी हुरड्याची मूठ देऊन गप्प करते. बरोबर उत्तर हाती असूनही पंगतीत हरता येतं, हे लक्षात ठेवा.

रात्री गावाकडे परतताना वाटेच्या कडेला फड्या निवडुंग काळाकभिन्न उभा आहे. याची तऱ्हा तिसरीच. दिवसा तो रंध्रं घट्ट मिटून बसतो आणि आत्ता, थंडीत, तुमच्या शेजारी, उघडतो. रात्री हवा घेऊन आम्ल करून ठेवायचं, दिवसा दारं लावून त्याची साखर करायची. सकाळी त्याचा फड आंबट, संध्याकाळी कमी आंबट. अमेरिकेतून आलेला हा परका या मुलखात इतका माजलाय की शेतकरी शिव्या देतात. काट्यांपासून अंतर ठेवा, अंधारात ते आधी तुम्हाला दिसत नाहीत.

ओसरीवर झोपा. डास, कुत्री, खोकणारी म्हातारी, जात्याची घरघर पहाटे तीनला. झोप लागली नसेल तर उठा, कारण गावात आज एक मोठं काम आहे.

हुरडा झाला तरी नवी ज्वारी खळ्यावर यायला दोन महिने आहेत आणि पुष्कळ घरांतल्या कणग्या तळाला लागल्यात. पाटील पेव उघडतोय. वाड्याबाहेरच्या उंचवट्यावर गर्दी जमलीय: टोपल्या, पोती, कडेवर पोरं, भांडणं. जमिनीत तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असा खड्डा, आतून काडाचं अस्तर, आणि दोन सालांपूर्वी भरून दगडानं, मातीनं बंद केलेली ज्वारी. पहारीनं दगड हलतो आणि जो वास येतो तो विसरता येणार नाही: आंबूस, उबट, जुन्या कोंड्याचा, नाकात बसणारा. पुढं सरकू नका! चार जण तुम्हाला खेचतात.

मामा इथंही आहे. दोरीला टांगलेल्या शिंक्यात पणती ठेवून तो ती हळूहळू खाली सोडतो. हातभर. दोन हात. ज्योत लहान होते, निळसर होते, विझते.

“खाली वारं बसलंय,” तो म्हणतो. “मानूस खातं त्ये.”

तुम्ही त्याच्याकडे बघता. काल दुपारी हवेला हसलेला हाच माणूस.

दाणा जिवंत असतो. बंद अंधारात तोही श्वास घेत राहतो, प्राणवायू संपवतो, स्वतःतलं थोडंसं पीठ खर्चून कार्बन डायऑक्साइड सोडतो. पानानं हवेतून काढून घेतलेलं त्यातलं थोडं दाणा असा परत देतो. जड वायू तळाशी साचतो. त्यात सोंडे-किडे मरतात, म्हणून ज्वारी टिकते. घाईनं उतरलेला माणूसही मरतो. इंग्लंडमध्ये प्रीस्टलीनं 1771 साली बंद भांड्यात मेणबत्ती विझवून पुढं पुदिन्याच्या रोपानं ती हवा पुन्हा जळण्याजोगी केली, आणि 1779मध्ये इंगेनहाउझनं दाखवलं की हे फक्त हिरव्या पानांनी आणि उन्हातच होतं. त्यातला विझणाऱ्या ज्योतीचा अर्धा भाग या उंचवट्यावर दर साली करून बघतात, वर्गणी न घेता.

आता थांबायचं. दोघं पेवाच्या तोंडाशी घोंगडी झापझाप हलवतात. ऊन चढतं. पोरं रडतात. पणती पुन्हा खाली, पुन्हा विझते. गर्दीत कुरकुर. एक बाई हळू आवाजात हिशेब करतेय: आज पाच पायल्या घेतल्या तर सुगीला सव्वासहा द्यायच्या, सवाईनं. कुणाला दिढीनं. आणि लक्ष द्या, उतरायला तयार ठेवलेला माणूस कोण आहे ते. पाटलाचा मुलगा नव्हे. ज्याची कणगी आधी रिकामी झाली, ज्याला बाकीच्यांपासून चार हात अंतरावर उभं केलंय, त्याच्याच कमरेला दोरी बांधली जातेय. वारं काय खातं हे सगळ्यांना माहीत आहे. ते कुणाला खाऊ द्यायचं हे वाड्यात ठरतं.

तिसऱ्यांदा सोडलेली पणती तळापर्यंत जळत राहते. माणूस उतरतो. दोरी ताणलेली, वर सहा जण. खालून हाक येते, मग पहिली टोपली. कडेची ज्वारी काळपट, आतली पिवळसर पांढरी, सगळीला तोच वास. भाकरीलाही येणार आणि कुणी तक्रार करणार नाही. मापाडी पायली भरतो, हातानं वरचा ढीग पाडतो आणि खणखणीत आवाजात पहिलं माप मोजतो, “लाभऽ!” एक म्हणायचं नसतं. “दोनऽ! तीनऽ!”

“पाव्हणं, हुबं काय ऱ्हायलाय,” मामा टोपली तुमच्या छातीवर आदळतो, “म्होरं द्या की!”

देता. पुढची येते. तीही देता. मान, कोपर, नाक, सगळं कोंड्यानं माखलंय, मागची म्हातारी पुढं सरकायला ढोसतेय, कुणीतरी ओरडतंय की माप पालथं पाडलं, मापाडी शपथ घेतोय, आणि चौदाव्या पायलीपाशी मोजणी चुकल्यानं सगळे पुन्हा ‘लाभ’पासून सुरू करतात.